मदत हवी आहे : मिश्री सोडली आणि हिरड्यांतून रक्त सुरू, हे उलटं कसं?

वसनाकाठ | सोमवार, रात्री ९:१२

थोडक्यात विचारते. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मिश्री, म्हणजे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड, सोडवायचा गट चालू आहे. सोडलेल्यांपैकी आठ-नऊ जणींच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलंय. आधी येत नव्हतं, असं सगळ्याच सांगतात. आता गावात बोलणं सुरू झालंय की मिश्रीनं हिरड्या आवळलेल्या राहतात, सोडली की सुटतात. दोघींनी परत तवा चढवला.

मी वाचलंय ते असं : हिरड्यांच्या आजारात बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, आणि तंबाखूही त्याच अस्तराला इजा करते. मग तंबाखू थांबल्यावर रक्त कमी व्हायला हवं ना? वाढतंय का? गुरुवारी दुपारी उपकेंद्रावर बैठक आहे, तिथं चार वाक्यांत सांगता येईल असं कारण हवंय. कृपया नुसतं 'दंतवैद्याला दाखवा' लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

दंतकथा | सोमवार, रात्री ९:४०

ताई, प्रश्न चांगला आहे पण अर्धाच आहे. सोडून किती दिवस झाले? रक्त घासताना येतं, चावताना येतं, की सकाळी उशीला डाग असतो? पुढच्या दातांना की दाढांना? शुगर, बीपी कुणाला आहे? गरोदर कोणी? नुसती मिश्रीच होती की पानातूनही तंबाखू? यातलं काहीच माहीत नसताना कारण सांगायचं म्हणजे फोनवरून दाढ काढणं झालं.

हिरडाबेहडा | सोमवार, रात्री ९:५१

कारण कशाला हवंय, उपाय घ्या. अर्धा चमचा राजापुरी हळद, चिमूटभर सैंधव, तिळाच्या तेलाचे चार-पाच थेंब. बोटानं हिरड्यांना सकाळ-संध्याकाळ चोळायचं. आठवड्यात रक्त बंद, आणि बोट फिरवायची सवय असते तीही भागते. अस्तर-बिस्तर कुणाला बघायचंय?

बारा_व्होल्ट | सोमवार, रात्री १०:०५

इलेक्ट्रिक ब्रश घ्या, दाबाचा सेन्सर असलेला. जास्त दाबलं की लाल दिवा लागतो. डोकं तीन महिन्यांनी बदलायचं. चार्जिंग पॉइंट बाथरूमच्या बाहेर ठेवा.

वसनाकाठ | सोमवार, रात्री १०:१९

बारा_व्होल्ट, या भांगलणीला जाणाऱ्या बायका आहेत. चार्जिंग पॉइंट राहू द्या.

डॉक्टर, सोडून १५ ते २५ दिवस झालेत. रक्त घासताना येतं, बहुतेक पुढच्या बाजूला. बाकीचं उद्या विचारून सांगते. पण सगळ्यांचं एकदम सुरू झालंय, म्हणजे कारण एकच असणार.

केशवाहिनी | सोमवार, रात्री १०:५८

तुमच्या वाचण्यात दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात आल्यात, तिथंच गाडं अडलंय. अस्तराला इजा होणं वेगळं आणि अस्तर जागं होणं वेगळं.

प्रत्येक रक्तवाहिनीच्या आत चपट्या पेशींचा एकच थर असतो, तो म्हणजे एन्डोथेलियम. केशवाहिनीत तर भिंत म्हणजे जवळजवळ तोच थर. हिरडी जिथं दाताला चिकटते त्या पट्टीच्या लगेच खाली अशा बारीक वाहिन्यांचं जाळं आहे. दाताच्या कडेला प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साठला की त्यातल्या जंतूंचे अंश आत झिरपतात आणि हे अस्तर कामाला लागतं. वाहिन्या फुगतात, पेशींमधल्या फटी थोड्या उघडतात, रक्तातलं पाणी बाहेर येतं. अस्तराच्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाचे चिकट रेणू उगवतात. वाहत्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांवर आधी गडगडत येतात, मग आयकॅम-१ या रेणूवर घट्ट थांबतात आणि फटीतून बाहेर पडून जंतूंकडे जातात. पेज आणि श्रोडर या संशोधकांनी १९७६ मध्ये हिरडीच्या आजाराचे टप्पे मांडले, त्यात पहिल्या २ ते ४ दिवसांतला बदल हाच आहे : वाहिन्यांचा दाह.

ही इजा नाही, पहारा आहे. पहारा नसला तर काय होतं तेही माहीत आहे. काही मुलांत जन्मतःच न्यूट्रोफिलवरचा सीडी-१८ हा रेणू नसतो, त्यामुळे पेशी अस्तराला चिकटून बाहेर येऊच शकत नाहीत. अशा मुलांचे दुधाचे दातसुद्धा हाड झिजून हलायला लागतात.

खरी इजा पुढची. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू जिंजिपेन नावाची प्रथिनं कापणारी द्रव्यं सोडतो. अस्तराच्या पेशींना एकमेकींशी शिवणारे जे टाके असतात, तेच ती कापतात. मधुमेहात केशवाहिनीच्या पेशींखालचा पापुद्रा जाड होतो, साखर चिकटलेली प्रथिनं साठतात आणि दाह लवकर शमत नाही. तंबाखूच्या धुरानं अस्तराचं नायट्रिक ऑक्साइड घटतं, म्हणजे वाहिनीची सैल व्हायची ताकद जाते.

घासताना येणारं रक्त बहुतांशी पहिल्या खात्यातलं, म्हणजे जाग्या झालेल्या अस्तराचं. वाहिन्या फुगलेल्या आणि वरची त्वचा आतून विरळ झालेली, मग नुसत्या स्पर्शानं फुटतं. त्यामुळे 'इजा थांबली म्हणजे रक्त थांबलं पाहिजे' हे गणित बसत नाही.

दंतकथा | सोमवार, रात्री ११:२०

केशवाहिनींनी पाया छान घातला. त्यावर साधं उत्तर असं की तंबाखू रक्त दाबून ठेवते. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्या बाहेरून फिकट, टणक दिसतात, प्रोब (हिरडीची खोली मोजायची बारीक सळई) घातला तरी रक्त कमी येतं, आणि त्याच माणसाचं हाड मात्र जास्त गेलेलं असतं. सोडल्यावर चार-सहा आठवड्यांत प्रोबिंगला रक्त वाढलेलं मोजलं गेलंय, तेही दात आधीपेक्षा स्वच्छ असताना. निकोटीननं वाहिन्या आवळलेल्या होत्या, त्या सुटल्या. बैठकीत हेच सांगा : आजार आधीही होता, फक्त दिसत नव्हता.

केशवाहिनी | सोमवार, रात्री ११:३४

इथं माझा आक्षेप आहे. हे सगळं बिडी-सिगारेटवाल्यांचं झालं, मिश्रीला ते तसंच्या तसं लावता येत नाही. ओली तंबाखू तोंडात ठेवली असता हिरडीतला रक्तप्रवाह लेसर डॉपलरनं मोजलाय आणि तो उलट वाढलेला आढळलाय. तंबाखू झोंबते, मज्जातंतू चेततात, वाहिन्या फुलतात. 'निकोटीन आवळतं' हे बोटाच्या कातडीला ठीक आहे, हिरडीला तितकं सरळ नाही. ओढणाऱ्यांत रक्त कमी येतं यामागेही क्षणाची आवळण नसून वर्षानुवर्षांचा बदल आहे, सूजेला उत्तर देताना वाहिन्या जेवढ्या वाढायला हव्यात तेवढ्या वाढत नाहीत.

दंतकथा | सोमवार, रात्री ११:४१

लेसर डॉपलर घेऊन कोरेगावला कोण जाणार आहे? बैठकीत बायकांना एक वाक्य लागतं.

केशवाहिनी | सोमवार, रात्री ११:४४

वाक्य एकच असू दे, पण खरं असू दे. चुकीचं कारण सांगितलं आणि दोन महिन्यांनीही रक्त चालूच राहिलं, तर त्या म्हणणार, 'डॉक्टरीणबाई म्हणल्या होत्या सुटल्यात, अजून किती सुटणार?'

हिरडाबेहडा | मंगळवार, सकाळी ६:३०

दोघं भांडून झालं असेल तर हळदीचं परत सांगतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही.

दंतकथा | मंगळवार, सकाळी ७:१५

मानांकन हळदीला मिळालंय, मंजनाला नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचं जेल स्केलिंगच्या, म्हणजे कीटण खरवडून काढण्याच्या, जोडीला वापरून पाहिलंय, स्केलिंगच्या ऐवजी नाही. दाताला चिकटलेलं कीटण हळदीनं सुटत नाही. आणि ज्या बोटानं वीस वर्षं मिश्री फिरवली तीच हालचाल तेवढ्याच वेळा चालू ठेवायची म्हणजे आठवण जिवंत ठेवणं. रिकाम्या डबीत हळदीच्या जागी परत काय येईल ते सांगायला नको. भाजीत घाला, आमटीत घाला, कोण नाही म्हणतंय?

मिरजेचा_काउंटर | मंगळवार, सकाळी १०:०२

औषधांचं कोणीच विचारत नाही. त्या बायकांच्या गोळ्यांची पाकिटं बघा. दोन गोष्टी हमखास सापडतील.

एक, अ‍ॅम्लोडिपिन. बीपीच्या या गोळीनं काहींच्या हिरड्या वाढतात. सुरुवात दोन दातांमधल्या टोकापासून, जास्त करून पुढच्या दातांत. टोक फुगलं की त्याखाली प्लाक अडकतो आणि रक्त येतं. गोळी बदलायची तर ती लिहिणाऱ्या डॉक्टरांनीच बदलायची, आपण बंद करायची नाही. बीपी उसळतं. आणि प्लाक काढला तरी ही वाढ बरीच आटोक्यात राहते.

दोन, रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन किंवा अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल. रक्त येतं म्हणून ही गोळी परस्पर थांबवणाऱ्यांची कमी नाही. स्टेंट घातलेल्यानं थांबवली तर स्टेंट तुंबून जिवावर बेतू शकतं. या गोळीनं फुटलेल्या जागेतून रक्त जास्त वेळ वाहतं, पण हिरडी फुटते ती सुजेनं. फिटची फेनिटॉइन कुणाला असेल तर तिनंही हिरड्या वाढतात.

वसनाकाठ | मंगळवार, दुपारी १:४८

विचारून आले. नऊ जणी. दोघींना शुगर, तिघींना बीपीची गोळी, त्यातल्या एकीच्या पाकिटावर अ‍ॅम्लोडिपिन आहे आणि दोन दातांमधली हिरडी गोळीसारखी फुगलेली दिसते. रक्त पातळ व्हायची गोळी कुणालाच नाही. गरोदर कोणी नाही. बिडी कोणी ओढत नाही. पानात तंबाखू एक जण खायची, तीही सोडली. आणि ब्रश सगळ्यांचे नवेच आहेत, गटातून वाटलेले, त्यामुळे ब्रश खराब असायचा प्रश्न येत नाही.

दंतकथा | मंगळवार, दुपारी २:१०

थांबा. नवे म्हणजे? आधी कशानं घासायच्या?

वसनाकाठ | मंगळवार, दुपारी २:१६

मिश्रीनंच की. दात घासायलाच तर लावतात. त्यात सांगायचं काय?

दंतकथा | मंगळवार, दुपारी २:३१

सांगायचं तेच होतं ओ ताई! धाग्याच्या पहिल्या ओळीत हवं होतं.

म्हणजे मिश्री सोडली त्याच दिवशी दात घासायची एकमेव पद्धतही सुटली. ब्रश हातात आला, पण तो धरायचा कसा हे कोणी दाखवलं का? ब्रश कसले, मऊ की कडक? ज्यांना ब्रश झोंबतो त्या चूळ भरून मोकळ्या होतात का? आणि पुढचं रक्त वरच्या दातांना की खालच्या, हिरडीच्या कडेला की दोन दातांमधल्या टोकाला?

केशवाहिनी, तुमचा आक्षेप मान्य. १५ ते २५ दिवस हा आकडा आता वेगळा वाचायला हवा. लो नावाच्या संशोधकांनी १९६५ मध्ये निरोगी तरुणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. सगळ्यांच्या हिरड्या १० ते २१ दिवसांत सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. या बायकांचं 'सगळ्यांचं एकदम' त्याच वेळापत्रकात बसतंय.

केशवाहिनी | मंगळवार, दुपारी ३:०५

बरोबर, आणि अस्तराचं गणितही जुळतं. बोट दाताच्या बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर फिरायचं, तेवढा भाग घासला जायचा. फटी तेव्हाही घाण होत्या. आता बाहेरची बाजूही राहिली असेल तर तिथला प्लाक दोन-तीन आठवड्यांचा झाला. ४ ते ७ दिवसांत वाहिन्यांची वेटोळी वाढतात, दोन-तीन आठवड्यांत सूज पक्की बसते. अस्तर जागं झालंय ते प्लाकमुळे. तंबाखू गेल्यानं ते दिसायला थोडी मदत झाली असेल, नसेलही. मिश्रीच्या बाबतीत छातीठोक सांगण्यासारखं कारण प्लाक हेच.

वसनाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:२२

ब्रश कडक आहेत, पाकिटावर 'हार्ड' लिहिलंय. घाऊक घेताना तेच मिळाले. चौघी जणी ब्रश वापरतच नाहीत, चूळ आणि कधीतरी राखुंडी. पाच जणी वापरतात आणि मिश्रीसारखा आडवा, जोरात फिरवतात. मला हे सुचायला हवं होतं. आता बैठकीत काय करू ते नीट सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत.

दंतकथा | मंगळवार, रात्री ९:२७

आधी मऊ ब्रश आणा, लहान डोक्याचे. कडक ब्रश भांडी घासायला ठेवा.

बैठकीत भाषणाआधी आरसा द्या. अर्ध्या कप पाण्यात खायच्या लाल रंगाचे चार-पाच थेंब, अर्धा मिनिट चूळ, थुंकून एकदा साध्या पाण्यानं खळखळणं. दाताच्या कडेला लाल रेघ राहील तो प्लाक. ओठाला आधी थोडं व्हॅसलीन लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ओठ लाल राहतील, आणि जुनी साडी नेसून यायला सांगा. रक्त येणारी जागा आणि लाल रेघ एकाच ठिकाणी दिसली की निम्मं समजावणं तिथंच संपतं.

मग ब्रश. केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवायचे, अर्धे दातावर अर्धे हिरडीवर, काटकोनाच्या निम्म्या तिरक्या कोनात. जागीच दहा-बारा वेळा थरथरवायचा, मग दाताच्या टोकाकडे झाडायचा. एका वेळी दोन-तीन दात. आतल्या बाजूनंही. पेन धरतात तसा बोटांत धरायला लावा, मुठीत धरला की जोर येतोच. मटारएवढी पेस्ट, दोन मिनिटं, दोनदा, रात्रीचं चुकवायचं नाही. पहिले चार-पाच दिवस रक्त जास्तही येईल. रक्त येतं तिथंच जास्त नीट घासायचं, हे तीनदा सांगा, कारण सगळ्याजणी नेमकी तीच जागा चुकवतात आणि सूज चालू राहते.

पाच जणींच्या सुळ्याच्या आणि त्याच्या मागच्या दाताच्या बाहेरच्या बाजूला ओरखडे किंवा हिरडी खाली सरकलेली दिसली, तर ते कडक ब्रशचं किंवा जुन्या बोटाचं. सरकलेली हिरडी घासून वर येत नाही, तसं वचन देऊ नका. सूज उतरली की उलट दात लांब झाल्यासारखे वाटतात, हे मात्र आधीच सांगून ठेवा.

दहा-बारा दिवसांनी परत बघा. नुसती हिरडीची सूज असेल तर रक्त स्पष्ट कमी झालेलं असेल. तरीही चालू असेल, दात हलत असेल, पू येत असेल, तर आत कीटण आणि पॉकेट, म्हणजे दात-हिरडीमधली खोल फट, आहे. तिथं ब्रश पोचत नाही. प्रोबनं प्रत्येक दाताच्या सहा जागी खोली मोजावी लागते, ४ मिलिमीटर आणि वर गेलं की मुळापर्यंत सफाई. कराडला आणि सांगलीला दंत महाविद्यालयं आहेत. सफाईनंतर परत मोजायचं ते चार-सहा आठवड्यांनी, त्याआधी मोजून उपयोग नाही, हिरडीचं दाताला नवं चिकटणं कोवळं असतं.

मिरजेचा_काउंटर | मंगळवार, रात्री ९:५०

माउथवॉश विचारतीलच. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिली, अर्धा ते एक मिनिट, दोनदा, फार तर दोन आठवडे. पेस्टनंतर अर्धा तास थांबून, नाहीतर पेस्टमधला फेस त्याचा असर घालवतो. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात, आणि मग परत म्हणतील मिश्रीच बरी होती. परवडत नसेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. त्यानं बरं वाटतं, प्लाक निघत नाही.

बारा_व्होल्ट | मंगळवार, रात्री १०:११

सी जीवनसत्त्व? महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी?

केशवाहिनी | मंगळवार, रात्री १०:२६

सी जीवनसत्त्व फार कमी पडलं तर कोलॅजनचा पीळ नीट बसत नाही, वाहिन्यांची भिंत ठिसूळ होते आणि हिरड्या जांभळ्या, स्पंजासारख्या होतात. जोडीला अंगावर केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके दिसतात, जखमा भरत नाहीत. तसं इथं काही लिहिलेलं नाही. पेरू, आवळा खाऊ द्या, पण नऊ जणींना एकाच पंधरवड्यात स्कर्व्ही होत नाही.

शुगरवाल्या दोघींचं वेगळं बघा. त्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७ च्या वर असेल तर हिरडीचा आजार वेगानं पुढं जाणाऱ्यांत मोडतो. उलट बाजूही आहे : पॉकेटची नीट सफाई झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं. ही बातमी त्या दोघींना बैठकीतच द्या, शुगरच्या डॉक्टरांनाही कळवा.

तिळगंगा_पूल | बुधवार, सकाळी ८:४०

हिरड्या खराब म्हणजे हार्ट अटॅक येणार असं सांगा, लगेच ऐकतील.

केशवाहिनी | बुधवार, सकाळी ९:०३

नका सांगू. संबंध आहे, पण एकामुळेच दुसरं होतं हे सिद्ध नाही, अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये तेच म्हटलंय. अस्तराचा पुरावा मात्र मोजलेला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हिरड्यांचा गंभीर आजार असलेले १२० जण होते. दंडाच्या रक्तवाहिनीचा प्रवाह पट्ट्यानं काही मिनिटं अडवायचा, सोडल्यावर ती किती फुलते ते सोनोग्राफीनं बघायचं. अस्तर निरोगी तेवढी ती जास्त फुलते. कसून सफाई केलेल्यांत २४ तासांनी ती कमी फुलली, कारण सफाईत जंतू आणि दाह रक्तात जातो. ६० दिवसांनी चित्र उलटलं, १८० दिवसांनी नेहमीची साधी सफाई झालेल्यांपेक्षा ती २ टक्क्यांनी जास्त फुलत होती. म्हणून नुकताच अटॅक येऊन गेलेल्यानं पूर्ण तोंडाची खोल सफाई हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका दमात करून घेऊ नये.

हिरडाबेहडा | बुधवार, सकाळी ११:१५

हळद चोळायची नाही हे ऐकलं. पण हरिपूरच्या पेवात ठेवलेली हळद आणि गोदामातली हळद यांत फरक असतो की नाही, तेवढं कुणीतरी सांगा.

दंतकथा | बुधवार, दुपारी १२:२०

वेगळा धागा काढा, मी येतो.

ताई, लाल रंगाच्या चुळीआधी तोंडात टॉर्च मारा. मिश्री ज्या बाजूला जास्त लावायच्या तिथला गाल, ओठाची आतली बाजू, जिभेच्या कडा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील, यातलं काहीही दिसलं तर तिला गटातून बाजूला घेऊन त्याच आठवड्यात पाठवा. रंग लावल्यावर लाल चट्टा ओळखू येणार नाही, म्हणून आधी. न घासताही आपोआप रक्त वाहतंय आणि अंगावर निळे डाग पडताहेत, तर सीबीसी ही रक्ततपासणी करून प्लेटलेट बघा, ते हिरडीचं दुखणं नाही.

वसनाकाठ | बुधवार, रात्री ८:३३

मऊ ब्रश साताऱ्यातून आणले, बारा. टॉर्च आहे. चार वाक्यं लिहिली, बघा : "मिश्रीनं हिरड्या आवळत नव्हत्या. दात घासायची सवय मिश्रीसोबत गेली, त्यामुळे कडेला घाण साठली आणि हिरडी सुजली. सूज म्हणजे अंगातला पहारा जागा झालाय. दहा दिवस नीट घासा, मग बोलू."

त्या परत तवा चढवलेल्या दोघींना काय सांगू?

केशवाहिनी | बुधवार, रात्री ८:५०

पहिलं वाक्य काढा. त्यावर वाद घालत बसतील. दुसऱ्यापासून सुरू करा.

दंतकथा | बुधवार, रात्री ९:०४

त्या दोघींना आरसा पहिला द्या. पोट साफ होत नाही म्हणून तवा चढवला असेल, तर बद्धकोष्ठाचं आधी बघा, बऱ्याच जणी त्याचसाठी परत जातात. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्याची मोफत मदतवाहिनी आहे, नंबर फळ्यावर लिहून ठेवा. आणि बारा ब्रशांपैकी दोन त्यांच्या नावानं बाजूला काढा.